आक्काची गाठ, माझं मीठ

आक्का, तुझ्या दुखवट्याला आलेल्या बायकांनी तुझीच मिसरीची डबी फिरवली गं.

मला हिथनंच सुरू करायचंय. मातीला मानसं किती हुती, कोन आलं, कोन न्हाई, ते गाव सांगंल. गावाला तेवढंच येतंय. मी आपला भिताडाला टेकून बसल्यालो. बघतोय तर शेजारनीनं डोळं पुसत पुसत देवळीत हात घातला, डबी काढली, चिमूट घेतली आन् म्होरं सारली. कुनालाच त्यात काय वाटलं न्हाई. दुखवट्याला बायका जमल्या की मिसरी फिरतीच, पान्याच्या तांब्यागत. एकीकडनं दुसरीकडं, दुसरीकडनं तिसरीकडं. समद्याजनी बोट दातावर फिरवत म्हनत्यात, "लय गुनाची हुती बाई. पन घरान्याचं रक्तच तसलं, त्याला काय करनार."

तंबाकू तव्यावर जाळायची, कुटायची, डबीत भरायची आन् उठल्यापासनं निजंपातूर हिरडीला घासायची. तुझा गाल त्या डबीनं खाल्ला. आन् डबी मांडीवर घिऊन ह्या दोष देत्यात रक्ताला. माझ्या टाळूतनं जाळ निघाला आक्का. पन मी पडलो गावचा हसवा. मी चिडलो तरी लोकास्नी वाटतंय आता कायतरी गंमत करनार.

ह्ये समदं तुझी कुसुम लिवतीया. तुझी लेक सातवी शिकली ती कामाला आली. मला अक्षर येत न्हाई, तुला ठावं हाय. मास्तरनं पहिल्याच दिवशी वर्गाच्या भाईर हुबं केलं, मी तसाच चालत बाजारात गेलो, त्यो अजून माघारी आलो न्हाई. तवापासनं मलकापुरात कुल्फीचा गाडा. मी सांगतोय, ती लिवतीया, आन् मदीच थांबून नाक पुसतीया. मी म्हनलं, पोरी, नाक पुस पन माझं बोलनं सुदरू नगंस. आक्काला शुद्ध बोललेलं कळायचं न्हाई, तिला वाटंल दुसराच कोन आलाय.

तुझ्या गालात आदी पांढरा डाग आल्याला. दूध आटवताना कढईच्या कडंला साय धरती ना, तसा. तू म्हनायचीस, चुना लागला आसंल. मग डागाची गाठ झाली. मी तुला दम द्याय आलो, आक्का मिसरी सोड, आन् तू म्हनलीस, "काय म्हनतूयास? कळंना." कसं कळंल? माझ्याच गालात तंबाकूचा बार. अंगनात गेलो, थुकलो, चूळ भरली, आत आलो आन् परत पहिल्यापासनं उपदेश केला. तू हसून हसून दाराची चौकट धरलीस. म्हनलीस, "शिरपा, जा, भरून ये परत. मोकळ्या तोंडानं तुला बोलता येत न्हाई."

आपली आय बी गालानंच गेली. म्हनून तुला काय नवाल वाटलं न्हाई. डबी बी आयचीच, पितळंची, झाकनावर मोर. आयनं तुझ्या वटीत टाकल्याली, आन् तू कुसुमच्या वटीत टाकनार हुतीस. लेकीला डबी द्यायची ह्यी आपली रीतच. त्यात काय वावगं हाय, ते तवा कुनाच्या डोक्यात आलं न्हाई.

आन् त्याच टायमाला म्हसवडचं पावनं आलं. कुसुमची सुपारी फुटली हुती, बस्त्याचं बोलनं चाललं हुतं. नवऱ्या मुलाची आय, आपल्या दाजींच्या लांबच्या भावकीतली, कुसुम तिला आत्या म्हनायची आन् मी सुपारी फुटल्या दिसापासनं इहीनबाई. तिनं तुझा सुजल्याला गाल बघितला. च्या पीत पीत इचारलं, आय कशानं गेली हुती तुमची? तू खरं ते सांगितलंस. तुला खोटं बोलाय कुनी शिकवलंच न्हाई, दाजी मिलटरीत हुतं तवा त्यास्नी पत्रात बी तू म्हस आटली ती आटलीच म्हनून कळवायचीस. पावनं जेवलं, उठलं, गेलं. आन् आठवड्यानं निरोप. रोग रक्तात हाय, आयकडनं लेकीत आलाय, लेकीकडनं नातीत जानार, आमास्नी नातवंडं धड पायजेत, सुपारी मोडली.

असा निरोप धाडताना त्या बाईनं हातातली मिसरी तरी खाली ठिवली आसंल का गं? मला त्योच इचार येतोय.

कराडच्या डाक्टरनं गाठ बघितली. म्हनला, वाईच तुकडा कापून तपासाय लागंल. आन् म्हनला, सांगलीत एक डाक्टरीनबाई हायत, त्या आसल्या गाठीच्या आत काय मोडतंय ते भिंगातनं बघत्यात, त्यास्नी बी एक तुकडा देता का? तुमाला त्याचा औषधाला उपेग हुईल असं न्हाई, आधीच सांगतो. दुसरं कोन असतं तर म्हनलं असतं, उपेग न्हाई तर कशाला कापू? मीच म्हनलो तसं. तू मला गप केलंस आन् डाक्टरला इचारलंस, "ह्ये पोरीत जातंय का न्हाई, ते त्या बाईला सांगता येतंय का?"

डाक्टर म्हनला, इचारून बघू.

तेवढ्यावर तू गाल म्होरं केलास.

आता हितं माझी करामत. कुसुम, ह्ये बी लिव. बाईंनी बारकी बाटली धाडल्याली, त्यात गुलाबी पानी. माझ्या सरबताचा रंग, मी वास बी घिऊन बघितला. डाक्टरनं ज्वारीच्या दान्यायवढा तुझा तुकडा त्यात सोडला, बाटली थर्मासात ठिवली, म्हनला, "थंड ठेवून सांगलीला पोचवा. तुम्ही बर्फवाले, तुम्हाला काय सांगायचं."

हितंच घात झाला. बरफवाला म्हनल्यावर माझी छाती फुगली. नुसत्या बरफानं काय हुतंय? ते सरबतवाल्याचं काम. कुल्फीवाला बरफात खडं मीठ घालतोय, तवा गार चढतंय, तवा साच्यातलं दूध दगड हुतंय. माझ्या आक्काची गाठ, तिला कमी का पडू देऊ? मुठी भरभरून मीठ घातलं.

एसटीत थर्मास मांडीवर, तान्ह्या पोरागत. शेजारचा म्हनला, "शिरपा, कुल्फी काय?" मी म्हनलं, "व्हय गड्या, पन आमच्या आक्कानं आदीच दातात धरलीया." त्यो हसला. कंडाक्टर हसला. मला चेव आला, मी आनखी दोन सांगितलं. सांगलीपातूर मी गाडीभर हशा केला आक्का, आन् मांडीवर तुझा तुकडा मरत हुता.

बाईंनी बाटली उलटी केली. काय पडंना. त्यांनी थर्मासातलं पानी बोटाला लावून जिभंवर टेकवलं आन् माज्याकडं बघितलं.

"मीठ घातलंत?"

मी म्हनलं, व्हय, चांगलं भरपूर.

बाई खुर्चीत बसल्या. रागं भरल्या न्हाईत, त्यानं मला जास्त घाम फुटला. म्हनल्या, "दादा, मला ती जिवंत हवी होती. गाठीतली पेशी एकीच्या दोन होताना आतलं सगळं दिसतं, तेवढ्यापुरतं. गोठली की फुटते. मग काही दिसत नाही." मी म्हनलं, बाई, गाठ जित्ती ठिवायची? आमी तर ती मरावी म्हनून हिंडतोय. तर म्हनल्या, "मारायची असेल तर आधी ती कशी जगते ते बघायला नको का?"

आता ह्ये तुला कसं सांगायचं? येताना एसटीत मी तोंड उघडलं न्हाई. त्योच कंडाक्टर हुता, त्याला वाटलं माजं कोन तरी गेलं. घरी आलो, उंबऱ्यात बसूनच सांगितलं. मग तुझं खांदं हलाय लागलं. मला वाटलं रडतीस. तर तू हसत हुतीस, गालावर पदर दाबून, आन् पदराला रगत लागल्यालं.

"म्हंजी माझी कुल्फी केलीस म्हन की."

आन् मग म्हनलीस, "जा. डाक्टरला सांग, परत काप म्हनाव."

त्यावर मी काय बोललो ठावं हाय? मी म्हनलं, आक्का, ह्या टायमाला मलई घालू का पिस्ता. ह्ये बोललो मी. बाईमानूस, एकदा कापल्याला गाल, टाका वाळला न्हाई, माझ्या येडेपनापायी परत कापून घ्याय निघाल्याली, आन् मी पिस्ता. तुझ्या पाया पडायला हवं हुतं. ते ऱ्हायलं. त्येचा राग कुनावर काढू, सांग.

दुसरा तुकडा नुसत्या बरफातनं गेला. मी मीठ घातलं न्हाई, मिठाच्या पोत्याकडं बघितलं बी न्हाई. तुझं रगत बी घेतलं बाईंनी, त्यासाठनं तुला सांगलीला न्हेल्यालं. आन् म्हैन्याभरानं बोलावनं आलं, या, दाखवते.

दवाखान्याच्या मागं बारकी खोली. भिंगाची दुर्बीन. मी शिकल्याल्यांच्या आदी पळालो आन् डोळा लावला. लगीच म्हनलं, दिसलं बाई, काळी काळी काटकं हायत, हलत्यात बी. बाई म्हनल्या, "दादा, त्या तुमच्या पापण्या." तू मला मागं वडलंस, सोता बसलीस. आन् लय येळ उठलीच न्हाईस. मी इचारलं, काय हाय? तू डोळा न काढता म्हनलीस, "काकनं फुटल्यागत तुकडं पडल्याती रं."

दाजी गेलं तवा तुझी काकनं दगडावर फुटल्याली. ती मला आठवली. तुला बी आठवली असतील.

मग बाईंनी फोटू काढले. भिंगातनं दिसतंय तेचंच फोटू, मोठं केल्यालं, आन् त्यातला एकेक तुकडा कातरीनं कापून कागदावर चिकटवल्याला. जोडीजोडीनं. मोठ्याशेजारी मोठा, बारक्याशेजारी बारका. एक कागूद तुझ्या रगताचा, दुसरा गाठीचा. तू म्हनलीस, "तुमी बी जोड्या जुळवता व्हय बाई? बरं झालं, हितं तरी जुळल्या." बाईस्नी म्हसवडचं ठावं न्हवतं, त्या नुसत्या हसल्या.

त्यांनी समजावलं ते माझ्या डोक्यात जेवढं बसलं तेवढं सांगतो. मानसाच्या समद्या अंगात, दिसायच्या पलीकडं बारीक, ह्यी काटकं असत्यात. त्यात एक साखळी गुंडाळल्याली असती, तीन इंग्रजी अक्षरं हायत तिला, डीएनए. अंग कसं वाढवायचं, कुठं थांबायचं, ते समदं तिच्यात. मला ते थांबायचं लय पटलं, माझ्या तोंडाच्या साखळीत तेवढंच ऱ्हायलं असंल. तर तुझ्या रगताच्या कागदावर समद्या जोड्या धड. आन् गाठीच्या कागदावर नुसता गोंधळ. कुठं एक जास्त, कुठं एक तुटल्यालं, कुठं एकाचं शेपूट भलत्यालाच चिकटल्यालं.

तू बोट ठिवलंस. आदी ह्या कागदावर, मग त्या. आन् इचारलंस, "मग ह्ये मी जल्मताना घिऊन आले न्हाई?"

बाई म्हनल्या, "मला दिसलं तेवढंच सांगते मावशी. ह्याहून बारीक काही असेल तर माझ्या भिंगाला दिसत नाही. पण ही मोडतोड तुमच्या गालात झाली आहे. वर्षानुवर्षं तिथं तंबाखू लागत राहिली, तिथली साखळी मोडली. रक्तात ती नाही. मुलीला तुमच्या गालातली गाठ जात नाही. मुलीला डबी जाऊ देऊ नका."

तू उठलीस. बाईंच्या गालावरनं हात फिरवलास, बोटं मोडलीस. येताना बसमदी खिडकीशी बसून तू मला म्हनलीस, "रक्तातनं न्हाई आलं शिरपा. डबीतनं आलं. आयच्या डबीतनं." मला लय भरून आलं. म्हनलं, चला, आक्का सुटली. आन् कराडला उतरल्या उतरल्या तू कमरंची डबी काढून दाताला लावलीस.

तुझ्यावर बी राग हाय माझा. आता मेलीस म्हनून सोडनार न्हाई. एवढं कळल्यालं मानूस, दोनदा कापून घेतल्यालं मानूस, आन् तरी डबी? मी भांडलो तर म्हनलीस, दाजी गेलं, म्हस गेली, आता सकाळ उठून माझं म्हनायला हीच हाय, तू बरफ इकायचा सोड, मी हिला सोडती. आन् मी गप बसलो, कारन खिशात माझी बी चंची हुती. तंबाकू सोडल्याली मानसं मी लय बघितली, एकटा मीच चारपाचदा सोडल्याली. त्ये भांडान तसंच ऱ्हायलं. आता तुझ्या वाटचं बी मलाच भांडाय लागतंय, आन् त्यात बी मीच हरतोय.

पन एक काम तू केलंस. बाईंनी सांगितल्यालं, तोंडात पांढरा डाग दिसला, पुसला तरी जाईना, तर वाट बघू नका, गाठ व्हायच्या आदी दाखवा. तू गावातल्या बाया धरल्यास. पान्याला आली, धरली. दळनाला आली, धरली. "आ कर." कुसुम आरशानं उनाचा कवडसा तोंडात पाडायची आन् तू आत बघायचीस. पदराच्या टोकानं पुसून बघायचीस. लोक हसायचं, आक्का गुरांच्या बाजारातल्या दलालागत दात मोजत हिंडती. मी बी हसलो. पहिला तर मलाच बसवल्याला तू. म्हनलीस, तुझा गाल चांगला हाय, तुझा वरचा मजला रिकामा हाय, त्येला आरसा पुरत न्हाई.

आन् मग तू मला म्हसवडला धाडलंस.

कुसुमला न्हाई धाडता येत, पोरीनं सोताच्या लगनाचं बोलाय जायचं न्हाई. तुझं तोंड तवर एक बोट जाईल एवढंच उघडायचं. ऱ्हायला कोन, मी. तू मला घोकून घेतलंस. रक्त धड हाय. मोडतोड गालातच हाय. पोरीत जात न्हाई. एवढंच बोल, च्या पी, माघारी ये.

म्हसवडात मला कोन वळखत न्हाई? सिद्धनाथाच्या जत्रंत म्या गाढवावर उलटं बसून कुल्फी इकल्याली हाय. सोप्यात पाय ठिवला तर इहीनबाई आदीच हसाय लागली. म्हनली, आज काय नवीन मामा? मी हात जोडून सांगाय लागलो, इहीनबाई, मी सोता सांगलीला भिंगातनं बघून आलोय. तर ती म्हनली, तुमी? आन् काय दिसलं?

आक्का, एवढं तोंडाशी आल्यालं. रक्त धड हाय, तेवढं म्हनायचं हुतं. पन समोर चार मानसं हसायच्या बेतात बसल्याली, आन् मला ते दिसलं की माझा माझ्यावर ताबा ऱ्हात न्हाई. मी म्हनलं, काय दिसलं? माझ्याच पापन्या. सोपा फुटला हसून. मग मी रक्ताचं, गाठीचं, जोड्यांचं समदं सांगितलं, एक शबुद बी न चुकता सांगितलं, आन् समदी त्या परत्येक शबदाला हसली. इहीनबाईच्या डोळ्यास्नी पानी आलं. म्हनली, रक्त काय डोळ्यानं दिसतंय व्हय मामा, तुमी पन. मला शेरभर शेंगा दिल्या आन् वाटंला लावलं.

माघारी आलो. तू हाथरुनात उठून बसल्यालीस, केस बी इचरून घेतल्यालं. इचारलंस, "आयकलं त्यांनी?" मी शेंगांची पिशवी खाली ठिवली. म्हनलं, हसली. तू इचारलंस, आदी काय सांगितलंस? म्हनलं, पापन्या.

तू भिताडाकडं तोंड केलंस. आन् भिताडालाच म्हनलीस, "मीच जाती बरी वाटली की." 

बरं वाटलंच न्हाई. दवाखान्यात मशीनचं शेक दिलं, झालं, गाठ मानंत उतरली. भाकरी बंद, दूध बंद. शेवटाला तू घ्यायचीस ती माझी वितळल्याली कुल्फी, चमच्यानं, कडंकडंनं. आयुक्षभर मी दूध गोठवलं, आन् तुझ्यासाठनं ते वितळवत बसायचो. एकदा चमचा थांबवून तू खुनंनं म्हनलीस, मीठ घातलं न्हाईस न्हवं? इनोद सुचला न्हाई असं आयुक्षात पहिल्यांदा झालं, आन् नेमकी तवा तू हसायच्या तयारीत हुतीस.

तर आता दुखवटा. डबी फिरत हुती. आन् त्या बायकांत म्हसवडची इहीनबाई बी हुती. सुपारी मोडली म्हनून काय, मरनाला येनं हाय. डबी तिच्या हातात आली. तिनं चिमूट घेतली, बोट फिरवलं, आन् बोट तोंडातच ठिवून मला इचारलं, "मामा, डाक्टर काय म्हनला शेवटी? रक्तातलंच न्हवं?"

मी उठून हुबा ऱ्हायलो. मला ह्या येळंला पापन्या आठवल्या न्हाईत आक्का, देवाशपथ. मी म्हनलं, माझ्या भनीचं रक्त धड हुतं. धडच हुतं. जे मोडलं ते गालात मोडलं, आन् ते तुमच्या हातातल्या डबीनं मोडलं. तुमी समद्याजनी तिच्या दारात बसून तिचं मरान दाताला लावतायसा. असं बोललो मी. आन् मग कोपऱ्यातनं एकीला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला. दुसरीला फुटलं. तुझ्या दुखवट्यात, आक्का. मी गंभीर झालो की मानसास्नी जास्त हसू येतंय. ह्यी माझी जल्माची कमाई.

तवा कुसुम उठली. खिळ्यावरचा आरसा काढला आन् इहीनबाईच्या म्होरं दारातल्या उनात बसली.

"आत्या, आ करा."

इहीनबाई म्हनली, ह्ये काय पोरी, आज?

"आयनं समद्यांचं बघितलं. तुमचंच ऱ्हायलंय."

आय गेल्याल्या पोरीला न्हाई कसं म्हनायचं, म्हनून उघडलं असंल तिनं. कवडसा आत गेला. कुसुमनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आन् गालात आतनं पुसलं. परत पुसलं. मी वाकून बघितलं. साय, आक्का. कढईच्या कडंची साय. आपल्या समद्यांच्या वळखीची.

कुसुमनं तिचंच बोट धरून तिथं टेकवलं. म्हनली, हितं तिखट झोंबतंय का? इहीनबाईनं मान हलवली. म्हनली, झोंबतंय, लय दिस. मग कुनी हसलं न्हाई. डबी कुनाच्या तरी मांडीवर तशीच उघडी.

"डाग हाय आत्या, गाठ न्हाई अजून. आयनं उशीर केला. तुमी करू नगा."

इहीनबाई कुसुमच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. आन् मग तिनं जे इचारलं, ते आयकाय तू पायजे हुतीस. पार बारीक आवाजात म्हनली, "म्हंजी पोरी, आता माझ्या लेकाच्या रक्तात बी…"

कुसुमनं आरसा खाली ठिवला.

"न्हाई आत्या. रक्तातनं जात न्हाई. तुमच्या लेकाला कायबी हुनार न्हाई. ह्ये कळावं म्हनून माझ्या आयनं दोनदा गाल कापून दिला."

झालं. म्हसवडला पोचायचा निरोप पोचला. मी एसटीनं जाऊन जो पापन्यांत घालवला, तो तुझ्या लेकीनं एका जाग्यावर बसून दिला. इहीनबाई रडली, खरं रडली, मगाचचं न्हवं. उठताना ती कायतरी लगनाचं बोलाय गेली, तर कुसुम म्हनली, "ते मग बघू आत्या. आदी गाल. आन् लगनाचं तुमी बघाल तसं मी बी बघीन." पोरगी तुझ्यावर गेलीया. ह्ये मातूर रक्तातनं आलं असंल, बाईंच्या भिंगाला दिसो न दिसो.

आन् मी? मला लय बोलायचं हुतं. जा आता म्हसवडला, आन् सांगा भावकीत कुनाचं रक्त किडकं ते, असं वरडायचं हुतं. शबुद तयार हुतं. हक्काचा राग हुता गं माझा, तुझ्यापायी सांभाळल्याला. मी तोंड उघडलं आन् आतनं काय निघालं? "इहीनबाई, परवा कराडच्या डाक्टरकडं येता का? मी न्हेतो." मला राग बी धड करता येत न्हाई. तू असतीस तर तू बी ह्येच केलं असतंस, तिला हाताला धरून न्हेलं असतंस, वर एसटीत खिडकीची जागा दिली असतीस. म्हनून जास्त चीड येती. तुझ्या आयुक्षाची माती करनाऱ्या त्या बोलन्याला तू एवढं सोन्यागत उत्तर दिलंस, आन् त्येचा पहिला फायदा तिलाच. तुला कवा भेटलो तर ह्येच भांडनार हाय मी.

उद्या जायचंय. कराडचा डाक्टर म्हनलाय, तुकडा काढला तर बाईस्नी सांगलीला धाडू, डाग गाठ व्हायच्या आदी आत किती मोडतंय ते त्यास्नी बघायचंच हुतं. न्हेनार कोन? गुलाबी पान्याची बाटली आलीया. थर्मास मी उन्हात वाळत घातलाय.

तुझी डबी कुसुमनं राखंनं घासली. आतला काळा डाग जाईपातूर घासली, मोर सोन्यागत चमकाय लागला. मला वाटलं आता हिरीत टाकंल. तर तिनं माझ्या गाड्यावरचं खडं मीठ आनलं, डबीत भरलं, झाकन दाबून लावलं आन् चुलीशेजारी देवळीत ठिवलं.

म्हनली, "मामा, मीठ हितं ऱ्हाईल. तुमी नुसता बरफ घिऊन जावा."